आवळकोंडचा प्रश्न

शिमगा झाला आणि पत्र्याच्या शेडी तापायला लागल्या. कमळाबाई सकाळी कामावर जाण्याआधी गोणपाटं भिजवून पत्र्यावर पसरायची. दुपारी भाकरीला परत आली की गोणपाट वाळून पापडासारखं कडक झालेलं असायचं. आत पाऊल टाकलं की वाफ तोंडावर यायची. मग ती बाहेरच, शेडीच्या कडेला जी वीतभर सावली पडायची तिच्यात, पाय पोटाशी घेऊन बसायची आणि तिथंच जेवायची.

आवळकोंडावर दरड आली त्याला हा दुसरा उन्हाळा. डोंगराचा एक लचका सुटून बौद्धवाडीवरून थेट खाली ओढ्यात गेला होता. जानू हाटेचं घर त्यात गेलं आणि घरात चुलीशी बसलेली त्याची आई गेली. जानू आणि कमळाबाई लावणीला खाली खाचरात होती, मुलगी उज्वला महाडला शाळेत होती, म्हणून वाचली. सरकारनं दासगावच्या रस्त्याखाली, खाडीलगतच्या सपाटीवर या शेडी उभ्या केल्या. तात्पुरत्या आहेत, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. मागचा अख्खा पावसाळा माणसांनी तिथंच काढला. भरती आणि पाऊस एकदम आला की पाणी आत शिरायचं. मग खाटेवर बोचकी आणि बोचक्यांवर पोरं, असं रचून माणसं बसून राहायची.

पक्की घरं व्हायची होती रस्त्याच्या वरच्या अंगाला, माळावर. त्या कामाचा ठेका महाडच्या दत्तारामशेठकडं होता. जानू गवंडी. शेठनं त्याला तिथंच लावून घेतला आणि कमळाबाईला घमेली वाहायला. आपलं घर आपल्याच हातानं होतंय म्हणून दोघं हुरूपानं राबली. पण दिवाळीनंतर कधी सिमेंट येईना, कधी सळई येईना. जानू ओळंबा खिशात घालून बसून राहायचा, नाहीतर शेठ त्याला दुसऱ्याच कुणाच्या बंगल्याच्या कुंपणावर न्यायचा. मागल्या रांगांच्या भिंती कमरेला येऊन थांबल्या. आत गुरं बसायला लागली.

आणि एक दिवस एकदम धावपळ उडाली. मंत्री येणार होते.

पुढच्या रांगेवर घाईघाईनं पत्रे चढले, दारं बसली, बाहेरून चुना लागला. आत नुसता भराव होता, त्यात दगड वर आलेले.

"आतनं काय करायचा नाय?" जानूनं मुकादमाला विचारलं.

मुकादम चांगू विडीचं थोटूक चुरत म्हणाला, "आत कोन बगतंय, रे? तू चुना मार."

कार्यक्रमाला कमळाबाईचं नाव पहिलं होतं. घरातलं माणूस गेलेलं, म्हणून. नेसायला धड लुगडं नव्हतं. जे होतं ते डोंगराखाली होतं. उज्वलाच्या मैत्रिणीच्या आईचं पातळ मागून आणलं. मंडपात मंत्र्यांनी झेंडूच्या ताटातली चावी उचलून तिच्या हातात दिली.

"आता सुखानं राहा, मावशी," ते म्हणाले. चांगले वाटले ते तिला. आवाजात गोडवा होता. फोटोवाला म्हणाला, "चावी वर धरा. अजून वर. पदर बाजूला घ्या." तिनं धरली.

गाड्या गेल्या. धुरळा खाली बसायच्या आत चांगू थैली घेऊन फिरायला लागला.

"द्या, चाव्या द्या."

"म्हंजे?" कमळाबाई म्हणाली.

"काकी, त्या शेठच्या गोदामाच्या हायत. तुमची कुलपं यायचीत अजून. दे, गो."

तिनं चावी मुठीत आवळली. चांगू थांबला. मागं जानू उभा होता. त्यानं तिच्याकडं बघून मान हलवली, देऊन टाक म्हणून. थैलीत चावी पडल्याचा आवाज झाला. ती खाली मान घालून निघाली, तर समोर आमदार उतेकर.

महिपती उतेकर पोलादपूरकडचा. आमदार व्हायच्या आधी एस.टी.त कंडक्टर होता. कशेडीच्या गाडीवर, आडगावच्या गाडीवर, मुक्कामाच्या गाडीवर. अर्धा तालुका त्याला ओळखायचा, आणि तेवढ्यावरच तो निवडून आला असं लोक म्हणायचे. कारण भाषण त्याला येत नसे. सभेत उभा राहिला की, "मंडळी, मी आलोय, कामं सांगा," एवढं बोलून घाम पुसत खाली बसायचा. मंत्र्यांच्याच पक्षाचा होता, पण मंडपात त्याची खुर्ची शेवटची होती.

"जय भीम, काकी," तो म्हणाला. "चावी कुठाय?"

कमळाबाईनं जानूकडं बघितलं. जानूनं नजर वळवली. पलीकडं दत्तारामशेठ उभा होता.

"बरं," उतेकर म्हणाला. एकटाच माळ चढला. एकेक दार ढकलून आत गेला. मागल्या रांगेतून बाहेर आला तेव्हा विजारीला शेण लागलेलं. नळाच्या उभ्या पाइपाशी जाऊन त्यानं तोटी फिरवली. मग वाकून पाइप हातानं हलवला, तर अख्खा पाइपच जमिनीतनं उपटून वर आला. खाली काहीच नव्हतं. त्यानं तो परत नीट होता तसा रोवून ठेवला आणि निघून गेला.

"ह्यो काय करनार?" सहदेव म्हातारा शेडीत म्हणाला. "तोंडात जीभ नाय तेच्या."

थोड्या दिवसांनी बातमी आली की आवळकोंडवर विधानसभेत लक्षवेधी लागणार आहे. उज्वला कॉलेजात जायची, तिनं सांगितलं. लक्षवेधी म्हणजे आमदारानं एखादी गोष्ट सभागृहात पुढं आणायची, मंत्र्यांनी त्यावर निवेदन करायचं आणि मग प्रश्नांना उत्तरं द्यायची. "सगळ्यांच्या समोर," उज्वला म्हणाली.

त्याच संध्याकाळी दत्तारामशेठची जीप शेडीपाशी थांबली. शेठ उतरला नाही. जानू जीपजवळ गेला.

"परवा साहेब लोक बघायला येतायत. तुम्ही पुढच्या रांगेतली मंडळी सामान घेऊन वर चला. चूल मांडा, दोरीवर कपडे टाका. ते गेले की या खाली."

"येका दिवसासाठी?" जानू म्हणाला.

"गाडी पाठवतो की सामानाला. तुला उचलायला लागणार नाही."

जानूनं आत येऊन सांगितलं. कमळाबाई भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"मी नाय जात."

"अगो, येक दिस तर."

"तुज्या आयेच्या मागं चूल मांडायची ती येकदाच मांडीन. लोकांना दाखवायला नाय मांडायची."

"काम जाईल माजं."

काम जाईल हे तिलाही दिसत होतं. सिमेंटनं फाटलेली, तेल लावून काळी झालेली जानूची बोटं तिच्या समोर होती. पण परवाच्या दिवशी गाडी आली तेव्हा तिनं सामान चढवलं नाही. दारात बसून राहिली. तिला बघून बाकीच्या बायाही दोनचार बोचकी चढवलेली उतरवून परत आल्या. अधिकारी आले, रस्त्यावरूनच चुना मारलेली रांग बघितली, आणि ऊन फार आहे म्हणून गेले. शेडीकडं कुणी उतरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी चांगूनं जानूला आणि कमळाबाईला माळावरून परत पाठवलं.

जानू भांडला नाही. थापी आणि ओळंबा गोणीत घातला आणि कशेडी घाटात दगड फोडायच्या कामावर गेला. तिथं रस्त्याच्या कडेला बांध घालायचं काम चालू होतं. गवंड्याला हातोडा नवा नव्हता, पण दिवसभर फोडायची सवय नव्हती. पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याला घास तोंडापर्यंत नेता येईना. कमळाबाईनं त्याचा दंड गरम पाण्यानं शेकला.

रविवारी उतेकर शेडीत आला. एकटा, एस.टी.नं. आत गरम होतं तरी आतच बसला. कमळाबाईनं पाणी दिलं, तो तांब्या उंच धरून घटाघटा प्यायला. भाकरी आणि सुकटीची चटणी होती, ती न लाजता मागून खाल्ली.

"मंगळवारी लक्षवेधी हाय," तो म्हणाला. "तुमी याल ममईला?"

"मला काय बोलता येनार तितं?"

"तुमाला बोलायचंच नाय. बोलायचं मी. तुमी वर गॅलरीत बसायचं."

"मग मी कशाला?"

उतेकरनं बोटं पुसली. म्हणाला, "मी उभा ऱ्हायलो की माजे पाय लटपटतात, काकी. खरं सांगतो. समोर मंत्री, बाजूला आपलेच लोक डोळे वटारून. वर कोनीतरी ज्येचं घर गेलंय असं बसलेलं असलं, की मला खाली बसता येनार नाय."

जानू कोपऱ्यात दंड चोळत होता. तो म्हणाला, "जा तू. उज्वलाला ने संगती."

विधानभवनाच्या दारात कमळाबाईची पिशवी ठेवून घेतली. पिशवीत भाकरी होती. वर गॅलरीत थंडगार होतं. इतकं थंड की तिनं पदर अंगभर गुंडाळून घेतला. खाली गोल मांडलेल्या बाकांवर माणसं बसली होती, उठत होती, एकमेकांच्या कानाला लागत होती. तिला वाटलं होतं सगळे एकदम गप्प बसून ऐकत असतील. तसं नव्हतं.

"उतेकर कुठाय?" तिनं विचारलं. उज्वलानं दाखवलं. मागच्या बाकावर, कडेला. पांढरा सदरा पाठीला चिकटलेला. एवढ्या थंडीत त्याला घाम आला होता.

मंत्री उभे राहिले आणि निवेदन वाचू लागले. तोच गोड आवाज. "अध्यक्ष महोदय, आवळकोंड येथील दरडग्रस्तांचे पुनर्वसन करण्यात आले असून, पहिल्या टप्प्यातील घरे पूर्ण झाली आहेत व लाभार्थ्यांना चाव्या देण्यात आल्या आहेत."

बाकं वाजली. उतेकर उठला. पहिलं वाक्य त्याच्या तोंडातून येईना. कुणीतरी हसलं.

"अध्यक्ष महोदय," तो म्हणाला, "त्या चाव्या आज कुणाकडं आहेत?"

मंत्री हसले. "लाभार्थ्यांकडेच असणार. सन्माननीय सदस्य स्वतः कार्यक्रमाला हजर होते."

"पहिली चावी मंत्रिमहोदयांनी ज्या बाईला दिली, तिचं नाव काय?"

मंत्र्यांनी बाजूच्या अधिकाऱ्यांकडं बघितलं. चिठ्ठी आली. "श्रीमती कमळाबाई जानू हाटे."

आपलं नाव त्या छताखाली घुमलेलं कमळाबाईनं ऐकलं. ती नकळत उभी राहिली. मागून शिपाई आला. "बसा, बाई. उभं राहायचं नाही." उज्वलानं तिला हाताला धरून खाली बसवलं.

"ती आज कुठं राहते?" उतेकरनं विचारलं.

"तिच्या नवीन घरात."

"अध्यक्ष महोदय, परवा मी तिच्या घरी जेवलो. पत्र्याच्या शेडीत जेवलो. नवीन घराला दार आहे, आत जमीन नाही. नळ आहे, तो मी हातानं उपटून बघितला, खाली पाइपलाइन नाही. मागच्या रांगेत गुरं बसतात. आणि चाव्या त्याच दिवशी परत घेतल्या, मंत्रिमहोदयांची गाडी दिसेनाशी व्हायच्या आत. मी तिथं होतो. मंत्रिमहोदय गेले होते."

गलका झाला. समोरच्या बाकांवरचे लोक टाळ्या वाजवू लागले, उतेकरच्या बाजूचे ओरडू लागले. "आपल्याच सरकारला?" कुणीतरी म्हणालं. शेजारच्यानं त्याचा सदरा मागून ओढला. उतेकर हलला, पण बसला नाही. बाकाची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. वरून कमळाबाईला त्याचे गुडघे दिसत नव्हते, पण ते कसे असतील ते तिला कळत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्य, प्रश्न विचारा. भाषण नको."

"भाषण मला येतच नाही, अध्यक्ष महोदय."

सगळं सभागृह हसलं. या वेळी त्या हसण्यात वेगळं काहीतरी होतं. हसू ओसरेपर्यंत तो थांबला.

"प्रश्न एवढाच आहे. मागल्या पावसाळ्यात खाडीचं पाणी त्या शेडीत शिरलं होतं. माणसं पोरं डोक्यावर घेऊन बसली होती. पुढचा पावसाळा येतोय. ही माणसं त्यात कुठं राहणार? मंत्रिमहोदयांनी जागा सांगावी आणि दिवस सांगावा."

"माहिती घेऊन कळवण्यात येईल," मंत्री म्हणाले.

"माहिती मी दिली. मला दिवस पाहिजे."

"चौकशी करू."

"करा. पण पाऊस चौकशीसाठी थांबणार आहे का, तेवढं सांगा."

अध्यक्षांनी हात वर केला. समोरचा कागद बघितला. मग म्हणाले, "मंत्र्यांनी प्रत्यक्ष वस्तुस्थिती तपासावी. ही लक्षवेधी मी राखून ठेवतो." उतेकर तेव्हा कुठं बसला आणि रुमाल काढून तोंड पुसत राहिला.

बाहेर लांबलचक गार फरशीच्या वाटेवर त्या दोघी त्याची वाट बघत उभ्या होत्या. तेवढ्यात मंत्रीच माणसांच्या घोळक्यातून आले. कमळाबाईला बघून सवयीनं हात जोडले. "कुठून आलात?"

"आवळकोंडास्नं."

मंत्री पुढं गेले होते, ते थांबले. वळले. तिच्याकडं नीट बघितलं. अंगावर मागून आणलेलं पातळ नव्हतं, तिचं रोजचं, खांद्यावर घमेल्यानं विरलेलं लुगडं होतं.

"चावी तुम्हालाच दिली मी?"

"व्हय."

"ती खरंच परत घेतली?"

"थैलीत टाकून नेली, सायेब. तुमच्या गाडीचा धुरळा होता अजून."

मंत्र्यांचा चेहरा उतरला. बाजूच्या अधिकाऱ्याला हळू आवाजात काहीतरी म्हणाले, तो अधिकारी पांढरा पडला. मग ते तिच्याकडं न बघताच निघून गेले.

पुढच्या आठवड्यात लक्षवेधी पुन्हा आली तेव्हा कमळाबाई तिथं नव्हती. सपाटीवर खाडीकाठी गोवऱ्या वाळवत होती. उज्वला कॉलेजातून वर्तमानपत्र घेऊन पळत आली आणि शेडीच्या सावलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मंत्र्यांनी स्वतःहून उठून सांगितलं होतं, की मी सभागृहाला चुकीची माहिती दिली, मला ती तशी मिळाली होती, पण बोललो मी. पावसाआधी सगळी माणसं माळावर जातील, असं आश्वासन दिलं होतं. त्याखाली उतेकरचं नाव होतं, चुकीचं छापलेलं.

"आश्वासन म्हंजे काय गो?" सहदेव म्हाताऱ्यानं विचारलं.

"दिलं की पाळायला लागतं, आजोबा. नाय पाळलं तर परत विचारता येतं."

"कोन विचारनार?"

उतेकर विचारत होता. अधिवेशन संपलं तसा तो दर आठवड्याला माळावर येऊन बसायला लागला. दत्तारामशेठचं काम काढून दुसऱ्याला दिलं होतं. नव्या माणसानं जानूला आणि कमळाबाईला बोलावून घेतलं. कशेडीच्या कामानं जानूचे खांदे रुंद झाले होते, आणि उजव्या हाताचं एक नख कायमचं गेलं होतं. उतेकर पळसाच्या सावलीत दगडावर बसायचा. काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. पण तो बसला असला की वाळूची गाडी वेळेवर यायची.

महाडात लोक म्हणत होते की त्याला पक्षाच्या बैठकीचं बोलावणं येईनासं झालंय आणि पुढल्या वेळी तिकीट मिळायचं नाही. कमळाबाईनं घमेलं उतरवताना एकदा विचारलंच.

"आमच्यापायी तुमचं नुस्कान झालं म्हनतात."

"कंडक्टरचा बिल्ला हाय अजून पेटीत," उतेकर म्हणाला. "तुमी घमेलं भरा."

मृगात पाऊस आला तेव्हा मागल्या रांगेचे शेवटचे पत्रे चढत होते. गिलावा नव्हता, जमिनी नव्हत्या. तरी माणसं वर आली. बायांनी आपल्या हातानं माती टाकली, पाणी मारून चोपणीनं चोपली, शेणानं सारवली. कमळाबाईनं चूल मांडली. सासूचा फोटो नव्हता, म्हणून भिंतीतल्या कोनाड्यात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी म्हातारीच्या नावानं नुसतं एक फूल ठेवलं.

आषाढात चार दिवस धार तुटली नाही. पाचव्या दिवशी सकाळी भरती आली आणि सावित्री नदीचं पाणी मागं फिरलं. माळावरची माणसं इरली, पोती, जे हाताला लागलं ते डोक्यावर घेऊन कडेला उभी होती. खाली पाणी आधी शेडींच्या दारात गेलं. मग खिडक्यांना लागलं. एक पत्रा वाऱ्यानं उभा झाला, पक्ष्याच्या पंखासारखा हलला आणि गेला. मग सगळी रांगच वाकली. खांब, पत्रे, कुणाची राहिलेली खाट, असं एकमेकांत गुंतून गढूळ पाण्यावरून खाडीकडं चाललं. एका बाईनं आपल्या पोराला जवळ ओढलं आणि त्याचं डोकं पोटाशी घट्ट धरून ठेवलं.

जानू कमळाबाईशेजारी उभा होता. पाऊस त्याच्या तोंडावरून वाहत होता.

"तू ममईला नसती गेली तर..." तो म्हणाला.

दुपारी उतेकर आला. रस्ता पाण्याखाली होता, विजार गुडघ्यावर बांधून चालत आला होता. एकेका दारात वाकून विचारत गेला, "सगळी हायत ना घरात? कोन राहिलं खाली?" कुणी राहिलं नव्हतं. शेवटी जानूच्या ओट्यावर येऊन बसला. ओठ निळे पडले होते. कमळाबाईनं चहा दिला. त्यानं दोन्ही तळव्यांत कप धरला आणि खाली, जिथं शेडी होत्या तिथल्या पाण्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, की पावसाचंच होतं ते, कमळाबाईला कळलं नाही.

"सायेब," ती म्हणाली, "नळ अजून आला नाय."

"ठावं हाय," तो म्हणाला. "उद्या अधिवेशन लागतंय."

"मग हितं काय बसलाव? वीरच्या टेशनात ममईची गाडी हाय ना संध्याकाळची? पानी अजून चढंल."

उतेकर हसला, उरलेला चहा एका घोटात संपवून उठला. जानूनं कोपऱ्यातली काठी घेतली आणि त्याच्या पुढं झाला. दोघं माळ उतरून पाण्यात शिरले. जानू काठीनं रस्ता चाचपत पुढं, उतेकर पिशवी डोक्यावर धरून मागं. पाणी मांड्यांपर्यंत आलं तसे ते सावकाश चालू लागले. कमळाबाई ओट्यावर उभी राहून, दोघं पलीकडच्या चढावर कोरड्या रस्त्याला लागेपर्यंत बघत होती.